डोक्याची जखम भरते, ग्रंथीचे काय?

अपघातात डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण शुद्धीवर आला, चालू-बोलू लागला, की कुटुंबीयांच्या दृष्टीने संकट टळलेले असते. काही महिन्यांनी तोच माणूस सतत थकलेला, चिडचिडा, कामात लक्ष नसलेला दिसू लागतो. मग ‘धसका घेतला’, ‘बसून खायची सवय लागली’ असे निष्कर्ष घरातच निघतात. यातल्या काहींच्या बाबतीत खरे कारण मेंदूच्या तळाशी असते.

पीयूषिका अर्थात पिट्युटरी ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी. एका नाजूक देठाने ती मेंदूला जोडलेली असते. थायरॉइड, अधिवृक्क व जननग्रंथींना आज्ञा देणारी संप्रेरके तिच्यातूनच स्रवतात. डोक्याला जोराचा हिसका बसला, की देठातून उतरणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. मेंदूची सूज आणि घसरलेला रक्तदाब त्यात भर घालतात. या वाहिन्यांवर विसंबून असलेल्या कडेच्या पेशींना पहिला फटका बसतो. म्हणूनच वाढीच्या संप्रेरकाची कमतरता अधिक आढळते. प्रौढाला आता कुठे वाढायचे आहे, असे कोणी म्हणेल. पण स्नायूंची ताकद आणि उत्साह यांच्याशीही त्याचा संबंध आहे.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, मेंदूला इजा झालेल्या सुमारे २७.५ टक्के रुग्णांत या ग्रंथीचे कार्य दीर्घकाळ अपुरे राहिले होते. तपासणीच्या पद्धती भिन्न असल्याने आकड्यावर मतभेद आहेत. खरी गुंतागुंत काळाची आहे. सुरुवातीची कमतरता अनेकदा आपोआप भरून निघते, तर काहींत ती वर्षभरात नव्याने उद्भवते. पहिल्या आठवड्यातील चांगला अहवाल ही पुढची हमी नव्हे. तीन महिन्यांनी व वर्षाने पुन्हा तपासणी करावी, असे तज्ज्ञांच्या एका गटाने २००५ मध्येच सुचवले होते.

आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत ४,४३,३६६ जण जखमी झाले. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. मर्यादा दीड लाख रुपयांची आणि मुदत सात दिवसांची. जीव वाचवण्यासाठी ती मोलाचीच आहे. पण हा विकार सात दिवसांत कळणारा नाही. डिस्चार्ज कार्डावर फेरतपासणीची एक ओळ लिहायला मात्र कोणत्याही निधीची गरज नाही.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास घेतलेल्या रक्तातील कॉर्टिसोलचे प्रमाण ही पहिली पायरी. ते फार घटलेले असेल, तर साधा ताप किंवा किरकोळ शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने महाग आहेत. कॉर्टिसोलची उणीव भरणाऱ्या आणि थायरॉइडच्या गोळ्या तशा नाहीत. दोन्ही उणिवा असतील, तर कॉर्टिसोलची भरपाई आधी, थायरॉइडची गोळी नंतर. हा क्रम उलटला, तर रुग्णाची प्रकृती एकाएकी ढासळू शकते.