समुद्राकाठची जमीन आणि गावाचा वाटा



हल्ली गटवार बैठकीत ऊस नोंदीचा आणि तोडणी कार्यक्रमाचा विषय संपला की एक नवाच प्रश्न आमच्यापुढे येतो. "साहेब, पोरगं सिंगापूरला नोकरीला आहे. तिथून जवळच इंडोनेशियात समुद्राकाठी जमीन स्वस्त मिळते म्हणतो. चार पैसे गुंतवावेत का?" कुणाचा मुलगा बोटीवर आहे, कुणाचा जावई संगणकाच्या कंपनीत आहे, कुणाला रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आलेला आहे. पैसा हातात आला की शेतकरी माणूस पहिल्यांदा जमिनीकडेच पाहतो. त्यात गैर काही नाही. पण परमुलखातल्या खेड्यात पैसा घालणे म्हणजे काय, याविषयी आमचे मत सविस्तर मांडावे असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

इंडोनेशिया आपल्याला वाटतो तितका परका नाही. साखरेला तिकडे 'गुला' म्हणतात. आपल्या गुळाचाच तो भाऊबंद. गावाला 'देसा' म्हणतात. आपल्यातल्या जुन्या सभासदांना को. ४१९ हा ऊस आठवत असेल. त्या वाणाचा एक पालक पीओजे २८७८ हा जावा बेटावरचा. तिथल्या पासुरुआन येथील ऊस संशोधन केंद्रात तो तयार झाला आणि कोइमतूरला त्याचा संकर होऊन महाराष्ट्रात आला. तेव्हा आपल्या कारखानदारीवर जावाचे थोडेफार ऋण आहेच.

त्याच जावाच्या उसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८३० साली डच सरकारने सक्तीची लागवड पद्धत सुरू केली आणि गावोगावच्या जमिनीवर निर्यातीचे पीक लादले. पुढे १८७० च्या कायद्याने सक्ती हळूहळू गेली. परक्याला तिथल्या शेतकऱ्याची जमीन विकत घेता येईना, पण खंडाने घेता येऊ लागली. साखर कारखाने गावाची भाताची खाचरे आळीपाळीने खंडाने घेत, त्यात ऊस लावत आणि तोडणी झाली की रान परत करत. मालक शेतकरीच असे, पण आपल्याच रानात तो रोजगारी म्हणून राबे. कारखान्यात त्याचा भाग नव्हता, साखरेच्या भावात वाटा नव्हता. १९२९ च्या सुमारास जावात जवळजवळ ३० लाख टन साखर होत होती. आज इंडोनेशिया जगातल्या मोठ्या साखर आयातदारांपैकी एक आहे. याची कारणे अनेक आहेत. मंदी आली, महायुद्ध आले. पण ज्या धंद्यात गावाचा वाटा नव्हता तो सावरायला गावाला काही कारणही उरले नव्हते, असे आम्हांस वाटते. आपल्याकडे १९५०-५१ साली प्रवरेचा पहिला हंगाम झाला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. फरक काय तो इथे आहे.

आता समुद्राकाठच्या एका ठिकाणचे पाहू. जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर योग्याकर्ता प्रदेशात कुलोन प्रोगो नावाचा जिल्हा आहे. समोर आपलाच हिंदी महासागर. किनाऱ्याला काळी, लोहाचा अंश असलेली वाळू. वारा खारा, पाणी टाकले की झिरपून जाते. पाहणारा म्हणेल, पडीक माळ आहे, घ्या आणि हॉटेल बांधा. पण १९८० नंतरच्या दशकांत तिथल्या शेतकऱ्यांनी याच वाळूत शेती उभी केली. वाळूत चिकणमाती आणि शेणखत मिसळले. विहिरीचे पाणी शेतभर मांडलेल्या सिमेंटच्या हौदांत नळीने एकमेकांत खेळवले. या पद्धतीला ते 'सुमुर रेंतेंग' म्हणतात, म्हणजे ओळीने जोडलेल्या विहिरी. हौदातून झारीने पाणी घालायचे. समुद्राच्या बाजूला वारा अडवायला सुरूची झाडे लावली. आज तिथे मिरची, कलिंगड आणि खरबूज पिकते. क्षारपड जमीन सुधारताना काय कष्ट पडतात ते आपल्या सभासदांना सांगायला नको. वाळूत मिरची काढणे म्हणजे त्याच्यापुढची पायरी.

त्यांनी विक्रीही आपल्या हातात ठेवली. शेतकरी गटाच्या केंद्रावर सगळ्यांची मिरची एकत्र येते. व्यापारी आपापला भाव चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतात. पेटी सर्वांसमक्ष उघडतात आणि ज्याचा भाव चढा त्याला माल. बांधावर येऊन एकेकट्या शेतकऱ्याला पाडून मागण्याची सोय व्यापाऱ्याला राहत नाही. याच मुलखात नारळाच्या नीरेपासून गूळ करणारी घरेही पुष्कळ आहेत. माणूस सकाळ-संध्याकाळ माडावर चढतो, नीर उतरवतो, आंबू नये म्हणून चुन्याची निवळी घालतो आणि घरची बाई चुलीवर आटवते. हा गूळ रवाळ केला की त्याला 'गुला स्मुत' म्हणतात, म्हणजे मुंगी साखर. ती परदेशात जाते. आपल्या गुऱ्हाळाचेच हे दुसरे रूप.

आता याच किनाऱ्यावर बाहेरचा पैसा कसकसा आला ते पाहा. वाळूतले लोखंड काढण्याची योजना आली, तेव्हा २००६ साली शेतकऱ्यांनी संघटना बांधून तिला विरोध केला. त्यानंतर विमानतळ आला. तेमोन तालुक्यातली सुमारे ५८७ हेक्टर जमीन त्याला लागली. मे २०१९ मध्ये विमाने उतरू लागली आणि मार्च २०२० मध्ये तो पूर्ण सुरू झाला. ज्यांची घरे आणि रान गेले त्यांना मोबदला मिळाला. विमानतळ वाईट असे आम्ही म्हणत नाही. धरणे, कालवे, रस्ते यांसाठी आपल्याकडेही गावे उठली आहेत आणि त्यांचा लाभ आपण सर्वांनी घेतला आहे. पण वाळूत वीस-तीस वर्षे घातलेले शेणखत आणि हातची विद्या कुठल्या पंचनाम्यात धरायची? 'जमीन स्वस्त आहे' असे ज्याला बाहेरून दिसते त्याने ही गुंतवणूक मोजलेलीच नसते.

यासाठी तिथला कायदा काय म्हणतो ते प्रत्येक सभासदाने नीट समजून घ्यावे. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० चा. पूर्ण मालकी, ज्याला ते 'हाक मिलिक' म्हणतात, ती त्या देशाच्या नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला तिथे राहण्याचा परवाना असेल तर 'हाक पाकाय', म्हणजे वापराचा हक्क, मिळू शकतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे तो ३० वर्षे, पुढे २० वर्षे वाढ आणि नंतर ३० वर्षे नूतनीकरण असा चालतो. घर घ्यायचे तर प्रांतवार किमान किंमतही ठरवून दिलेली असते. कंपनी काढून धंदा करायचा म्हटले तर जमीन व इमारत सोडून १० अब्ज रुपियांवर गुंतवणूक दाखवावी लागते, म्हणजे आपल्या पाच कोटींच्या घरात. 'चार पैशांत' बसणारे हे काम नव्हे.

मग दलाल आडवाट दाखवतो. "तिथल्या माणसाच्या नावावर घेऊ, आपल्यात वेगळा कागद करू." याला आपण बेनामी म्हणतो. त्याच १९६० च्या कायद्याच्या २६ व्या कलमात लिहिले आहे की, परकीयाला सरळ किंवा आडमार्गाने मालकी देणारा व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तीन पिढ्यांची कमाई अशा कागदावर ठेवायची का? शिवाय योग्याकर्तातली बरीच जमीन सुलतान आणि पाकुआलाम घराण्यांकडे आहे; २०१२ च्या कायद्याने तो हक्क मान्य झालेला आहे. कसणारा एक, मालक दुसरा, असा प्रकार असतो. इनाम जमिनीचे खटले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना जास्त सांगणे नलगे.

काही सभासद म्हणतात, हा कायदा आपल्यावर अन्याय करतो. आमचे मत उलट आहे. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला अटकाव केला, तेव्हा आपण त्याला आपले संरक्षण मानले. कोकणात मोठ्या शहरांतला पैसा आला, किनाऱ्यालगतचे तुकडे विकले गेले आणि कितीतरी ठिकाणी जुना मालक त्याच आवारात राखणदार झाला. ते पाहून आपण हळहळतो. मग जावाच्या शेतकऱ्याला तेच संरक्षण मिळाले तर आपल्याला का खुपावे? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय सहकारात बसत नाही.

समुद्राचाही विचार करावा. १७ जुलै २००६ रोजी पांगंदारान आणि त्या दक्षिण किनाऱ्यावर त्सुनामी आली, सहाशेहून अधिक माणसे गेली. नव्या विमानतळाची इमारतसुद्धा लाटेच्या वेळी आसरा देता यावा अशी बांधलेली आहे. भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून किमान १०० मीटरचा पट्टा किनाऱ्याची हद्द म्हणून राखायचा असे तिथला नियम सांगतो. जाहिरातीतले घर मात्र नेमके लाटेच्या काठावर असते. दुरून डोंगर साजरे, तसा दुरून समुद्रही साजराच.

तेव्हा जायचेच नाही का? तसे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या मुलाला तिथे खरोखर राहायचे आहे त्याने आधी भाड्याने एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढावा. गावच्या प्रमुखाकडे नोंद करावी, भाषा शिकावी. तिथे सावड आहे, तिला 'गोतोंग रोयोंग' म्हणतात. भिशी आहे, तिला 'आरिसान' म्हणतात. दोन्हींत बसल्याखेरीज गाव आपला होत नाही. मग हक्काचे कागद तिथल्या जमीन कार्यालयात आणि अधिकृत दस्त अधिकाऱ्याकडे तपासून, आपल्या नावे जेवढा मिळतो तेवढाच हक्क घ्यावा. इथून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेत, बँकेमार्फतच.

आणि धंदा करायचाच असेल तर तो गावाच्या पिकाला धरून असावा. नीर आटवायची चांगली चूल, गूळ ठेवायला कोरडे गोदाम, मिरची वाळवायची सोय, मालाला परदेशी गिऱ्हाईक. या गोष्टी त्या गावांना उपयोगी आहेत आणि आपल्या माणसांना त्या येतात. २०१४ च्या ग्राम कायद्याने तिथल्या गावाला स्वतःची उद्योगसंस्था काढता येते. तिच्याशी रीतसर करार करून, भावात गावाचा वाटा ठरवून काम केले तर नफा सावकाश येईल, पण तो येईल तेव्हा गाव आपल्या बाजूने उभे असेल. नुसता प्लॉट घेऊन कुंपण घातले तर कुंपणाबाहेर कोण उभे आहे ते आपल्याला कधी कळणारही नाही.

ज्यांच्या वाडवडिलांनी पाच-दहा रुपये गोळा करून कारखान्याचे भाग घेतले त्यांना वाट्याचे मोल नव्याने शिकवण्याची गरज नाही. परमुलखात जातानाही तेवढी शिकवण बरोबर न्यावी. दलालाच्या हाती इसार देण्यापूर्वी सभासदांनी घरातल्या मंडळींसह या गोष्टींचा विचार करावा, एवढीच आमची विनंती.

— ऊस विकास अधिकारी