रडू देणारं पुस्तक

‘श्यामची आई’ म्हटलं की आपल्यातले निम्मे जण जांभई देतात. संस्कार, आदर्श, निबंध स्पर्धा... आणि आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांनी तर ते कपाटातच पाहिलेलं! मीसुद्धा ते वाचलं कॉलेजला आल्यावर, आणि तेही स्वतःसाठी नाही.

दोन वर्षांपूर्वी राहुरीजवळच्या आमच्या गावी मामा वारले. मामेभाऊ तेव्हा तिसरीत. ‘पोराला कशाला दाखवायचं’ म्हणून त्याला श्रीरामपूरला मावशीकडे ठेवलं, ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलं. दहाव्याला आणलं तेव्हा त्याला सगळं कळलं. वर येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, ‘रडू नको, आता घरातला पुरुष तूच.’ आठ वर्षांचा पुरुष! तो रडला नाही, पण बोलायचाही बंद झाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला ‘श्यामची आई’ वाचून दाखवू लागले. त्यात बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. शेवटी आई जाते आणि श्याम घरी पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तिथे भाऊ हळूच म्हणाला, “ताई, श्यामला पण नाही बघायला मिळालं?” आणि मग तो रडला. खूप रडला. मी थांबवलं नाही.

साने गुरुजींची आई गेली १९१७ मध्ये. पुस्तक त्यांनी लिहिलं फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. मध्ये पंधरा वर्षं गेली, तरी दुःख संपलं नव्हतं. पुस्तकातला श्यामही आता मोठा माणूस आहे, तरी आठवणी सांगताना त्याचे डोळे भरून येतात आणि मित्र शांतपणे ऐकतात. आपण यातले संस्कार तेवढे परीक्षेला घेतले, हे ऐकणं मात्र विसरलो!

शाळेत मी ई. बी. व्हाइटचं ‘शार्लट्स वेब’ (१९५२) वाचलं होतं. त्यात शार्लट नावाची कोळीण मरते आणि तिचा मित्र, विल्बर नावाचं डुक्कर, तिची अंडी जपून घरी आणतं. तिथेही मरणाला मरणच म्हटलंय.

कुणी म्हणेल, लहान मुलांना कशाला असल्या गोष्टी? अहो, पण मरण तर घरात येऊन गेलेलं असतं. गोष्टीमुळे फक्त त्याबद्दल बोलता येतं. एका पुस्तकाने दुःख जात नाही, हेही खरंच. भाऊ अजून कधी कधी गप्प होतो. पण आता बाबांचं नाव घेतो.

म्हणून एक सुचवते. आपल्या एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर असतं. झाडं लावू, रस्ता झाडू, पण संध्याकाळी अर्धा तास गावातल्या मुलांना अशी एखादी गोष्ट वाचूनही दाखवू. शेवटी ‘तात्पर्य काय?’ असं मात्र विचारायचं नाही हं! कुणाला रडू आलं तर रडू द्यायचं, आणि शेजारी बसून राहायचं. बघा, पटतंय का!