जुन्या फाइलींचे लिप्यंतर



श्रुतपंचमी असो वा ज्ञानपंचमी, त्या दिवशी ग्रंथांची धूळ झटकली जाते, वेष्टने बदलली जातात. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील मंडळांच्या कपाटांत मात्र आणखी एक भांडार पडून असते: संगणकावरील पहिल्या पिढीच्या स्मरणिका, पूजाविधीच्या पुस्तिका, पाठशाळेचे धडे, देणगीदारांच्या याद्या. त्यांची सीडी आज उघडावी, तर पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसते आणि ‘फाइल बिघडली’ म्हणून ती टाकून दिली जाते.

ती बहुधा बिघडलेली नसते. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, त्याच काळातील आकृती यांच्या फॉन्टमध्ये संगणक साठवीत असे रोमन संकेतच. त्यांवर देवनागरीचे रूप चढवी तो फॉन्ट. फॉन्ट गेला की रूप गेले. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत असतो, म्हणून ते कोणत्याही संगणकावर वाचता येते.

जुन्या फाइलीतून युनिकोडकडे जाताना केवळ अक्षरास अक्षर ठेवून भागत नाही. ‘जिन’ लिहिताना जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी व ज नंतर साठवला जाई. युनिकोडमध्ये क्रम उलटा. रफार तर त्याच्या अगदी विरुद्ध: ‘धर्म’मधील रफार तेथे म-नंतर येई, येथे तो म-पूर्वी हवा. क्रम न बदलल्यास ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो. हे हजारो ठिकाणी हाताने करणे अशक्यप्राय असल्याने वर्डमध्ये मॅक्रो, म्हणजे आज्ञांची साठवलेली मालिका, वापरतात. प्रत्येक फॉन्टकुळाचे संकेत निराळे, म्हणून श्रीलिपीचा मॅक्रो आयएसएमला चालत नाही.

वर्ड २००७ पासून साध्या ‘डॉकएक्स’ फाइलीत मॅक्रो राहत नाही. त्यासाठी ‘सेव्ह अ‍ॅज’मधून ‘डॉकएम’ हा प्रकार निवडावा लागतो. केवळ नावामागचे शेपूट बदलल्यास वर्ड ती फाइल उघडण्यास नकार देतो. पेजमेकरची फाइल वर्ड वाचतच नाही. मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये ती बहुधा उघडते; तेथून मजकूर वर्डमध्ये आणावा, मग मॅक्रो चालवावा.

मॅक्रो मजकूर बदलू शकतो, तसाच संगणकाला अपायही करू शकतो. १९९९ मधील ‘मेलिसा’ विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. म्हणून ‘डॉकएम’ ही कामाची प्रत समजावी. मंडळाच्या ग्रुपवर पाठवायची ती ‘डॉकएक्स’. कोणी अनोळखी व्यक्तीने ‘कंटेंट एनेबल करा’ म्हणून धाडलेली फाइल उघडूच नये. मूळ सीडीवरील प्रतही जपून ठेवावी, कारण उद्या अधिक चांगला मॅक्रो मिळू शकतो.

आपल्या परंपरेला हे काम नवे नाही. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील षट्खंडागम व धवला टीका जुन्या कन्नड लिपीत होती. तिच्या नागरी प्रती झाल्या, आणि डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला. त्या संपादकांनी नकलेवर विश्वास टाकून काम संपवले नाही, पाठ तपासले. मॅक्रोही नक्कलनवीसच आहे, आणि त्याला प्राकृत येत नाही. गाथांतील णकार, अनुस्वार व जोडाक्षरे छापील प्रत शेजारी ठेवून दोघांनी वाचावीत: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने पडद्यावर.

आरंभ कोठून करावा? बहुतेकजण पूजाविधीकडे धावतील. माझ्या मते ती घाई अनावश्यक, कारण त्या पूजा अन्यत्र छापलेल्या सापडतात. स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवरील कुटुंबांची यादी, मूळ गाव, गोत्र, दिवंगतांची नावे ही मात्र अनेकदा त्या एकाच सीडीत असतात. आधी ती घ्यावीत, आणि ती नावे ओळखणारे ज्येष्ठ आपल्यात आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्यावीत.