गुणवंतांच्या मनातील तोतया

पानिपतच्या १७६१ मधील संहारानंतर स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणविणारा एक इसम पुढे आला. पुण्याच्या कारभाऱ्यांना त्याने बरीच वर्षे जेरीस आणले आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. भाऊसाहेबांचा हा तोतया खोटा होता, पण दावा मात्र खरेपणाचा करीत होता. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेक स्त्रियांची अवस्था नेमकी याच्या उलट आहे. पदवी त्यांची आहे, अनुभव त्यांचा आहे, कामही त्यांनीच केलेले आहे. तरीही हे पद आपल्याला नशिबाने मिळाले, एखाद्या दिवशी आपले बिंग फुटेल, ही धास्ती त्यांची पाठ सोडत नाही. या भावनेला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ असे नाव पडले आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्य विद्यापीठाशी संबंधित पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ही भावना प्रथम शास्त्रीय निबंधात मांडली. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या निरीक्षणावर तो आधारलेला होता. त्यांनी ‘सिंड्रोम’ हा शब्द वापरलेला नव्हता. त्यांच्या लेखी तो एक अनुभव होता, आजार नव्हे. पुढे पुरुषांमध्येही ही भावना आढळली. मात्र नाव बदलले, तसा रोखही बदलला आणि दोष बाईच्या मनात आहे, असा समज रूढ झाला. तो कितपत खरा, हे पाहण्यासाठी कळव्यासारखे दुसरे ठिकाण नाही.

कळवा हे कारखान्यांच्या भोंग्यावर वाढलेले उपनगर. सीमेन्स, मुकंद यांसारख्या उद्योगांनी येथील घरे उभी केली. त्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात पुढे ऐरोली, घणसोली येथे संगणक कंपन्यांची संकुले आली. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्गावर लोकल धावू लागली आणि कामगारांच्या मुली अभियंता होऊन या संकुलांत शिरल्या. यांपैकी अनेकींच्या घरातील ही पहिलीच पदवी. शिक्षण बऱ्याचदा मराठी माध्यमातील. वडिलांना कारखान्यात आपली श्रेणी ठाऊक असे आणि पाठीशी युनियनही असे. मुलीच्या वाट्याला मात्र वार्षिक मूल्यमापन आले. त्याचे निकष पुष्कळदा मोघम असतात आणि अस्खलित इंग्रजीलाच तेथे तांत्रिक ज्ञान समजले जाण्याचा धोका असतो. आपण इथल्या नाही, हे अशा मुलीला वाटणे हा मनाचा विकार नसून भोवतालाचे बऱ्याच अंशी अचूक वाचन आहे.

संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१७ मध्ये अमेरिकी बालकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी मुली आणि मुलगे असामान्य बुद्धिमत्ता आपापल्या गटाला सारख्याच प्रमाणात बहाल करीत होते. सहाव्या-सातव्या वर्षापासून मुलींचा तो विश्वास ओसरू लागला. शाळेत गुण मुलींनाच अधिक मिळतात, हे त्यांना तरीही मान्य होते. ‘मुलगी मेहनती, मुलगा हुशार’ हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येते, ते याहून वेगळे काय सांगते?

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ‘गिटहब’ या संगणकीय संकेतांच्या सामायिक भांडारातील नोंदी तपासण्यात आल्या. स्त्रियांनी सुचविलेल्या दुरुस्त्या सुमारे ७९ टक्के वेळा स्वीकारल्या गेल्या, तर पुरुषांच्या सुमारे ७५ टक्के. मात्र प्रकल्पाला अनोळखी असणाऱ्यांपैकी जिची ओळख स्त्री म्हणून उघड होती, तिच्या दुरुस्त्यांच्या स्वीकाराचे प्रमाण घटले. म्हणजे काम सरस ठरते. नाव दिसले की शंका सुरू होते.

या शंकेला आरक्षणाच्या चर्चेने धार येते. आयआयटीमध्ये मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली रेंगाळत असल्याने २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या आणि २०२० पर्यंत २० टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले गेले. या जागा मूळ संख्येत भर घालून दिलेल्या होत्या. कोणा मुलाची जागा त्यामुळे गेली नाही. महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शुल्कमाफीही दिली. दार उघडण्याचे हे उपाय योग्यच आहेत. परंतु ‘मुलगी म्हणून मिळाले’ हा टोमणा वर्गापासून कार्यालयापर्यंत पाठलाग करतो आणि ऐकणारीला हळूहळू तो खरा वाटू लागतो. परीक्षा तिनेही दिली होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

त्याचे परिणाम केवळ मनापुरते राहत नाहीत. त्या वेळी सहा लाखांवर कर्मचारी असलेल्या आणि त्यांत सुमारे ३५ टक्के स्त्रिया असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात एक बाब नमूद केली. एरवी पुरुषांइतके किंवा त्याहून कमी असणारे स्त्रियांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण त्या वर्षी पुरुषांपेक्षा जास्त झाले होते. भेदभाव हे त्याचे कारण नसून, घरून काम करण्याच्या काळात काहींची घरची घडी बदलली असावी, असे कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखांचे अनुमान होते. कळव्यातील स्त्रीला ते पटेल. येथे जलद लोकल थांबत नाही. ऐरोली नकाशावर शेजारी, पण रेल्वेने जायचे तर आधी उलट ठाण्याला जावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये दिघा स्थानक सुरू झाले, तेव्हाही ऐरोली-कळवा जोडमार्ग झालेला नव्हता. संध्याकाळची बैठक सोडून गाडी पकडणारी स्त्री ‘झोकून देत नाही’ ठरते आणि कालांतराने तिलाही आपण कमी पडतो असे वाटू लागते. वेळेची अडचण अशा रीतीने गुणवत्तेची उणीव म्हणून नोंदली जाते.

म्हणूनच ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये २०२१ साली रुचिका तुलशियन आणि जोडी-अ‍ॅन ब्यूरी यांनी स्त्रियांना सुधारण्याऐवजी कार्यस्थळे सुधारा, असा आग्रह धरला. तो रास्त आहे. पण कार्यस्थळ सुधारेपर्यंत थांबणे कोणाला परवडणार? येथे क्लान्स आणि आइम्स यांचा मूळ सल्ला उपयोगी पडतो. त्यांनी अशा स्त्रियांना एकत्र बसवून बोलते करण्यावर भर दिला होता. समोरची कर्तबगार बाई स्वतःला तोतया समजते हे ऐकले, की त्या समजुतीतील विसंगती चटकन लक्षात येते; मग स्वतःकडेही त्याच नजरेने पाहता येते. लोकलच्या महिला डब्यात सासरपासून भिशीपर्यंत सारे बोलले जाते. बढतीचा अर्ज का भरला नाही, हेही तेथे बोलले जायला हवे. केलेल्या कामाची तारीखवार नोंद ठेवणे हा दुसरा साधा उपाय. भीतीशी वाद घालण्यापेक्षा नोंदवहीचा पुरावा अधिक बळकट असतो.

कंपन्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. बढतीचे निकष लेखी असावेत, महत्त्वाच्या बैठका कार्यालयीन वेळेत व्हाव्यात आणि प्रसूती रजेनंतर परतणाऱ्या स्त्रीला दुय्यम कामावर बसवू नये. यांत कोणावर मेहेरबानी नाही. भाऊसाहेबांच्या तोतयाची शहानिशा पंचांसमोर, साक्षीपुराव्यानिशी झाली होती. खोट्या माणसाला जी रीतसर चौकशी मिळाली, ती निदान खऱ्या गुणवत्तेला नाकारली जाऊ नये.