‘विकनेस’ म्हणजे नेमके काय?

आपल्या घरात रुळलेले इंग्रजी शब्द आपण या सदरात पाहत असतो. या खेपेचा शब्द ‘विकनेस’. वस्तीत हा शब्द आता मराठीच झाला आहे. आजी म्हणते, सून म्हणते, रात्रपाळी करून आलेला मुलगा म्हणतो. झोप झाली नाही, विकनेस. जेवण जात नाही, विकनेस. औषधाच्या दुकानातला पोरगाही तेवढ्या एका शब्दावर टॉनिकची बाटली काढून देतो.

आमच्या शेजारच्या मावशी चार घरची धुणीभांडी करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. त्या जवळच्या दवाखान्यात गेल्या आणि “डॉक्टरसाहेब, विकनेस आलाय” एवढेच बोलल्या. डॉक्टरांनी सलाईनची बाटली चढवली, एक लाल इंजेक्शन दिले. दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा तीन बाटल्या झाल्या. आता हिशेब करा. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. तेवढी साखर मावशींच्या दिवसभराच्या चहातही असेल!

त्यांची मुलगी तेव्हा अकरावीत होती. इंग्रजीच्या अभ्यासात तिला थकण्याचे बरेच शब्द आले होते. ती वही घेऊन आमच्याकडे आली. “काका, सगळ्यांच्या पुढे ‘थकणे’ लिहू का?” आम्ही म्हटले, नको बाई. इंग्रजांनी एवढे शब्द उगाच केलेले नाहीत, आणि आपणही केलेले नाहीत. शीण वेगळा, ग्लानी वेगळी, खंगणे वेगळे.

‘टायर्ड’ म्हणजे कामाने दमलेला. रात्रभर झोप लागली की सकाळी माणूस उभा राहतो. ‘एक्झॉस्टेड’ त्याच्या पुढचा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाणी उपसून काढणे. विहिरीचा तळ लागला, आता पोहरा टाकला तरी वर काही येत नाही, तशी अवस्था.

‘फटीग’ म्हणजे विसावा घेऊनही न जाणारा थकवा. पलटणीत नोकरी केलेल्यांना हा शब्द निराळ्या अर्थाने ठाऊक असेल. तिथे झाडलोट, खोदकाम, ओझी वाहणे अशा कामांना फटीग म्हणतात. पण हा शब्द लोखंडालाही लावतात, हे कारखान्यातल्या बांधवांना सांगायला हवे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डब्यांना आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यानंतर अभियंते अशा मोडण्याचा कसून अभ्यास करू लागले. एका मोठ्या ओझ्याने न मोडणारा आस लाखो फेऱ्यांच्या रोजच्या साध्या ताणाने आतून चिरत जातो. वरून तो धड दिसतो. मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे आईसारखा.”

आता ‘वीक’. इथे फार जपायला हवे. डॉक्टरांच्या भाषेत वीकनेस म्हणजे हातापायातली ताकद जाणे. भांडे उचलत नाही, बसलेले उठवत नाही, हे वीकनेस. ‘थकल्यासारखे वाटते’ हे नव्हे. एकाएकी एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो लकवा समजावा. रक्ताच्या गुठळीने झालेल्या लकव्यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अशा वेळी ‘विकनेस आला, पडून राहा’ म्हणून घरी ठेवलेला माणूस आयुष्यभराचा अंथरुणाला खिळू शकतो. तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

‘डिक्लाइन’ म्हणजे उतरणीला लागणे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लोक टीबीच्या रोग्याला असेच म्हणत, की तो डिक्लाइनमध्ये गेला. आपला ‘क्षय’ शब्दही तोच. चंद्र कलेकलेने घटतो तोही क्षयच, त्याला इंग्रजीत ‘वेन’ आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि सैल होत चाललेले कपडे, एवढे दिसले तर टॉनिक बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध दोन्ही मोफत आहेत. बाकी ‘फ्लॅग’ (इथे झेंडा नव्हे, उत्साह मावळणे), ‘विल्ट’ (रोप कोमेजणे), ‘एब’ (ओहोटी) हे शब्द परीक्षेपुरते.

वही मिटून मुलीने एका कागदावर मराठीतच लिहून काढले: दुसऱ्या मजल्यावर धाप लागते. सहा महिन्यांपासून. झोपले तरी जात नाही. पाळीत अंगावरून फार जाते. नखे पांढरी पडलीत. हे शेवटचे वाक्य तोवर मावशींनी कुठल्याच डॉक्टरला सांगितले नव्हते, आणि पाळीचे तर लाजेने आम्हालाही नाही. तो कागद घेऊन मायलेकी सरकारी रुग्णालयात गेल्या. तिथल्या बाईंनी कागद वाचून आधी रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन निघाले ६.८. बाईमाणसाचे १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे दर दोन घरांत एक मावशी, आणि तिलाही बहुधा ‘विकनेस’च असणार.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाळीवरही उपचार झाले. शौचास काळे होऊ लागले तेव्हा मावशी घाबरून गोळी बंद करायला निघाल्या होत्या. ते गोळीनेच होते, असे समजावल्यावर राहिल्या. चहाने गोळीतले लोह अंगी लागत नाही, म्हणून आता लिंबूपाण्याबरोबर घेतात. चहा सुटलेला नाही, फक्त तास-दोन तास उशिरा होतो. परवा दुसऱ्या मजल्यावरून त्यांनी खाली हाक मारली, तीही न थांबता चढून गेल्यावर.

पुढल्या अंकात ‘गॅस’ आणि ‘ॲसिडिटी’ घेऊ.