वाटेवरचे सोबती

ज्येष्ठ सरत येतो, पावसाचे ढग सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे सरकू लागतात आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील रस्ते पावलांनी गजबजतात. त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरमार्गे जिल्ह्यात प्रवेश करते आणि बेलापूर, राहुरी, डोंगरगण, नगर, मिरजगाव या वाटेने पंढरीकडे जाते. सुमारे ४५० किलोमीटरची ही पायी वाटचाल. त्याच दिवसांत शुभ्र वस्त्रांतील साधू-साध्वीही याच जिल्ह्यातून अनवाणी विहार करीत असतात. वारकऱ्यांना आषाढी एकादशीला पंढरपूर गाठायचे असते, तर साधू-साध्वींना आषाढी चौदशीपूर्वी चातुर्मासाचे स्थान. पंथ निराळे, आचार निराळा. परंतु पायी चालणाऱ्याला वाट जे शिकवते, ते दोघांना सारखेच शिकवते.

घरी किंवा बाजारपेठेत ओळख होते ती नाव, गाव आणि व्यवसाय यांवरून. दिंडीत हा क्रम उलटतो. तेथे प्रत्येक जण ‘माऊली’ असतो. शेजारून चालणाऱ्याचा कोणता गुडघा दुखतो, चढ आला की तो कोठे थांबतो, त्याला चहा किती गोड लागतो, हे दोन दिवसांत कळते; आडनाव मात्र कधी कधी वारी संपेपर्यंत कळत नाही. सामान एकाच ट्रकमध्ये, रात्रीचा मुक्काम एकाच तंबूत, पंगत एकच. तोंडात अभंग असला की बोलण्याची गरज भासत नाही आणि अभंग थांबला तरी शांततेचा संकोच वाटत नाही. बरोबर चालणे म्हणजे आपली चाल दुसऱ्याच्या चालीशी जुळवून घेणे. ज्याला पुढे निघून जाता आले असते तो मागच्यासाठी थांबतो, आणि त्या थांबण्यातच मैत्रीचा जन्म होतो.

साधू-साध्वींच्या विहारातही हेच घडते. वाहन वर्ज्य, पादत्राणे वर्ज्य, आहार गोचरीचा. पूर्वी गावातील श्रावक शिवेपर्यंत पोहोचवायला जात आणि पुढच्या गावचे श्रावक सामोरे येत. आजही ती परंपरा आहे. मात्र वाट आता महामार्गाची झाली आहे. भरधाव वाहनांच्या धडकेने विहारातील साधू-साध्वींना प्राण गमवावे लागल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत. म्हणून अनेक ठिकाणचे तरुण चमकणारे जाकीट घालून विहारात सोबत चालतात. त्यांच्यातील एक जण नेहमी वाहनांच्या बाजूने असतो. थोड्या वेळाने दुसरा पुढे होतो आणि न बोलता त्याला आतल्या बाजूला घेतो. एक दुकानदार, एक महाविद्यालयीन विद्यार्थी, एक शेतकरी. एरवी एकमेकांच्या दारातही न गेलेली ही माणसे त्या एका कृतीने जोडली जातात.

या जिल्ह्याला हा संस्कार नवा नाही. आचार्य आनंदऋषीजी महाराज यांचा जन्म १९०० साली पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे झाला. १९१३ साली त्याच तालुक्यातील मिरी येथे त्यांनी दीक्षा घेतली आणि १९९२ साली नगर येथे त्यांची जीवनयात्रा पूर्ण झाली. जन्म, दीक्षा आणि निर्वाण या तिन्ही जागा एका जिल्ह्यात. आणि त्यांच्या दरम्यान दूरदूरच्या प्रांतांतील पायी विहार.

तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. व्याख्यानात त्या उंचावरच्या वाटतात. वाटेवर मात्र त्यांचा अभ्यास एका दिवसात घडतो. सत्तरीतील आजी आपल्यापुढे झपझप चालताना दिसल्या की मनात येणारा आनंद हा प्रमोद. कोणाच्या पायाला फोड आला म्हणून त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेणे हे कारुण्य. पाण्याच्या टँकरपाशी कोणी रांग मोडून वर तावातावाने भांडू लागला, तरी मन ढळू न देणे हे माध्यस्थ्य. या तिन्हींना सांभाळून जी उरते ती मैत्री.

परंतु वाट संपल्यावर काय? आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि वारकरी घरोघर परततात. साधू-साध्वींचा चातुर्मास-प्रवेश झाला की विहारातील सोबतीही आपापल्या दुकानी, आपापल्या शेती जातात. अनेक मैत्र्या तेथेच संपतात आणि त्यात गैर काही नाही. काही सोबत तेवढ्याच वाटेपुरती असते. खरा प्रश्न पुढच्या वर्षी उभा राहतो. दिंडी निघते, रांगा लागतात आणि शेजारची जागा रिकामी दिसते. तीन वर्षे शेजारून चालणाऱ्या मावशी यंदा आलेल्या नसतात. आडनाव ठाऊक नसते, केवळ गावाचे नाव आठवते. कोणी म्हणते, ‘वय झाले होते हो त्यांचे.’ आणि रांग पुढे सरकते.

अशा वेळी एखादी बाई रांग सोडते. त्या गावच्या दिंडीत जाऊन चौकशी करते, वारीहून परतताना वाट वाकडी करून त्या घराच्या दारात उभी राहते. मावशी अंथरुणाला खिळलेल्या असतात. त्यांच्या हातावर पंढरीचा बुक्का आणि प्रसाद ठेवला जातो. त्या विचारतात, ‘यंदा माझ्या जागी कोण चाललं?’ उत्तर येते, ‘कोणी नाही. जागा ठेवली होती.’

थोड्याच दिवसांत पर्युषण येईल. संवत्सरीला क्षमापनेचे संदेश शेकडो जणांना एका क्षणात जातील. त्या यादीत वाटेवरचा सोबती बहुधा नसतो. त्याचा क्रमांकही आपल्याजवळ नसतो. ज्याच्यावर चढाच्या रस्त्यात आपण चिडलो, ज्याच्यासाठी थांबायला हवे होते आणि थांबलो नाही, त्याच्या गावापर्यंत एकदा जाऊन यावे. शक्य असेल तर शेवटचे दोन किलोमीटर पायी.