एक्स्प्लेनर : नाइट व्हिजन गॉगल एका ट्यूबचा घ्यावा की दोन? आधी डोकी मोजा, मग ट्यूब

नागपूर : अमावस्येची रात्र, घनदाट जंगल आणि शत्रू जवळपास असण्याची शक्यता. अशा वेळी टॉर्च लावणे म्हणजे स्वतःचा ठावठिकाणा सांगणे. १९९० मध्ये ६० जवानांपासून सुरू झालेल्या गडचिरोलीच्या सी-६० पथकाने अशा अंधारात वर्षानुवर्षे पायी मोहिमा केल्या आहेत. अशा कामात नाइट व्हिजन गॉगल ही चैन नसते, गरज असते. पण खरेदीची वेळ आली की पहिला प्रश्न पडतो, एका ट्यूबचा घ्यायचा की दोन ट्यूबचा?

‘दोन म्हणजे दुप्पट चांगले’ हे उत्तर सोपे आहे, पण बरोबर नाही.

ट्यूब म्हणजे नेमके काय?

या ट्यूबला इमेज इंटेन्सिफायर म्हणतात. चांदण्यांचा किंवा आकाशाचा अंधूक प्रकाश तिच्या पुढच्या पडद्यावर पडतो आणि त्याचे इलेक्ट्रॉन होतात. सूक्ष्म छिद्रांच्या काचेच्या चकतीतून जाताना हे इलेक्ट्रॉन हजारो पटींनी वाढतात आणि मागच्या फॉस्फर पडद्यावर हिरवे किंवा पांढरे चित्र उमटवतात. आपल्या राज्यात पुण्यातील भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या युनिटमध्ये अशा ट्यूब तयार होतात. गॉगलमधला सर्वांत महाग भाग हाच. त्यामुळे दुसरी ट्यूब लावली की किंमत जवळपास दुप्पट होते.

एका ट्यूबचा फायदा काय?

वजन कमी. एका ट्यूबचा प्रचलित गॉगल साधारण ३५० ग्रॅमचा, तर दोन ट्यूबचा हलका गॉगलही ४०० ग्रॅमच्या पुढे जातो. कागदावर फरक किरकोळ वाटतो. पण हे वजन हेल्मेटच्या पुढच्या टोकाला लटकते आणि सहा तासांच्या चालीनंतर मान त्याचा हिशेब मागते.

दुसरा फायदा उघड्या डोळ्याचा. माणसाच्या डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. एका ट्यूबमध्ये दुसरा डोळा ही सवय टिकवून ठेवतो आणि आजूबाजूची हालचालही टिपतो. दोन ट्यूबचा गॉगल वर केला, की दोन्ही डोळ्यांना अंधाराशी पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

मग दोन ट्यूब कशासाठी?

अंतराचा अंदाज येण्यासाठी. समोरचा नाला पायरीएवढा खोल आहे की कमरेएवढा, हे एका डोळ्याने ओळखणे कठीण. दोन ट्यूबमध्येही दिवसासारखी खोली कळत नाही, पण अंदाज सुधारतो.

चित्रही स्वच्छ दिसते. गर्द झाडीखाली प्रकाश फारच कमी असला, की पडद्यावर जुन्या टीव्हीसारख्या ‘मुंग्या’ येतात. दोन ट्यूबमधल्या मुंग्या वेगवेगळ्या असतात. मेंदू दोन्ही चित्रे एकत्र करतो, तेव्हा त्या काही प्रमाणात पुसल्या जातात. हिशेबाने हा फायदा सुमारे १.४ पट होतो, दुप्पट नव्हे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. दोन ट्यूबने दृष्टीचा पट्टा रुंद होत नाही. एक असो वा दोन, बहुतेक गॉगलमध्ये सुमारे ४० अंशच दिसते. पट्टा खरोखर वाढतो तो चार ट्यूबच्या गॉगलमध्ये, पण त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास जाते.

दुसरी फसगत डोळ्यांच्या भिंगांची. काही गॉगलना दोन भिंगे असतात, पण आत ट्यूब एकच असते. तेच चित्र दोन्ही डोळ्यांना दिसते. खोलीही कळत नाही आणि उघडा डोळाही हातचा जातो.

कोणाला कोणता हवा?

वैमानिकाला आणि दिवे बंद ठेवून गाडी हाकणाऱ्या चालकाला दोन ट्यूबच हव्यात. एप्रिल २०२३ मध्ये हवाई दलाच्या सी-१३०जे विमानाने सुदानमधील वादी सय्यिदना येथे रात्री उतरून १२१ जणांना बाहेर काढले. धावपट्टीवर दिवे नव्हते. वैमानिक नाइट व्हिजन गॉगल लावून उतरले. तिथे अंतराचा अंदाज चुकणे परवडत नाही.

पायी गस्तीचे गणित वेगळे. समजा, पैसे दहा ट्यूबचे आहेत आणि पथक दहा जणांचे. दोन ट्यूबचे गॉगल घेतले तर पाच जणांना दिसेल आणि पाच जण पुढच्याच्या पाठीला धरून चालतील. पथकाचा वेग नेहमी सर्वांत कमी दिसणाऱ्याइतकाच असतो. म्हणून आधी प्रत्येकाला एक चांगली ट्यूब, उरलेल्या पैशांत वाट काढणाऱ्याला आणि चालकाला दोन, हाच क्रम योग्य आहे. निविदेतही ट्यूबच्या संख्येआधी तिचा दर्जा तपासायला हवा. दोन सुमार ट्यूबपेक्षा एक उत्तम ट्यूब केव्हाही बरी.

पेंच-ताडोबाच्या परिसरात रात्रगस्त घालणाऱ्या वनरक्षकांनाही हाच नियम लागू आहे. फक्त प्राणी शोधायचा असेल तर उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा अधिक उपयोगी. त्याला प्रकाश लागत नाही.

मोबाइलवर दिसणारे स्वस्त गॉगल घ्यावेत का?

काही हजारांत मिळणाऱ्या ‘नाइट व्हिजन’मध्ये बहुधा ट्यूब नसतेच. साधा डिजिटल कॅमेरा आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा, एवढेच त्यात असते. जागेवर बसून पाहायला ठीक, पण लावून बांधावरून चालणे धोक्याचे.

विदर्भात रात्रीच्या विजेवर ओलित करणारा शेतकरी वाघ-बिबट्याच्या भीतीने असे यंत्र शोधतो. त्याला स्पष्ट सांगायला हवे, की तुरीच्या किंवा कपाशीच्या दाट पानांआडचे जनावर एका ट्यूबलाही दिसत नाही, दोन ट्यूबलाही नाही आणि थर्मललाही नाही. पथकाला गॉगल द्या, वनरक्षकाला द्या. शेतकऱ्याला मात्र दिवसा वीज द्या. रात्री शेतात जावेच लागले नाही, तर त्याला गॉगलची गरजही पडणार नाही.